कुठल्या हातात

"उजव्यात," तो म्हणाला, आणि लॅपटॉपवर त्याने पुढचा फोटो उघडला. कुठल्याशा निळ्या गाडीचं चेपलेलं दार होतं ते. विमा कंपनीचा सर्व्हेअर असल्यामुळे त्याच्या संध्याकाळी अशाच पोचे आलेल्या गाड्यांत जात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती दोन्ही मुठी पुढे करून बसली होती, शाळेत पट्टी खायला हात पुढे करतात तशी. तिने उजवी मूठ उघडली. नाणं तिथेच होतं. "पुन्हा," ती म्हणाली. नाणं उजव्या हाताच्या बोटांत धरलं, डाव्या तळव्यावर ठेवलं, डावी मूठ मिटली. "डाव्यात." होतं डाव्यातच, या खेपेला तिने ते खरोखर ठेवलं होतं. "पुन्हा." आता ठेवल्यासारखं केलं आणि उजव्यातच मागे राहू दिलं. "उजव्यात," तो म्हणाला आणि दाराच्या कडेला आलेला ओरखडा मोठा करून बघू लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो तिच्या हातांकडे बघतच नाहीये. ज्या बोटांना ती जवळजवळ वर्षभर वळण लावत होती, ज्यांचा प्रत्येक कोन तिने आरशात तपासला होता, त्या बोटांकडे या माणसाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि तरी त्याचं एकदाही चुकलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? नवऱ्याला ओळखता आलं तर आलं, नाणं काही पळून गेलं नाही. नणंदेने तर फोनवर तिची चेष्टाच केली होती. "अगं, बायका देव पाण्यात घालतात नवऱ्याने आपल्याला ओळखावं म्हणून, आणि तुझं उलटंच!" ती हसली होती, आणि हसता हसता मनात चरफडली होती. कारण तिला हवं होतं ते एवढंच की एकदा, फक्त एकदा, या माणसाने "डाव्यात" म्हणावं, तिने डावी मूठ उघडावी आणि ती रिकामी असावी. आपल्यात अशी एक तरी जागा आहे जिथे त्याचा हात पोचत नाही, हे तिला स्वतःला बघायचं होतं. बाकी कुणी फसलं काय, न फसलं काय, तिला सोयरसुतक नव्हतं. "कसं ओळखतोस?" तिने विचारलं. "नाही सांगणार," तो म्हणाला. "सांगितलं तर सुधारशील." त्याच्या आवाजात खोडी होती, प्रेमही होतं, आणि नेमकं तेच तिच्या डोक्यात गेलं. ती उठली, नाणं खिशात टाकलं आणि भांडी जरा जास्तच आपटत घासू लागली. "चिडलीस," बाहेरून त्याचा आवाज आला.

नाण्याशी तिची गाठ पडली तीच मुळी काळ्या पडद्यावर. ती इस्पितळात एक्स-रे काढायची, लग्नाच्या आधीपासून. मागच्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ मनगट धरून आले, पायरीवरून घसरले होते. तिने नेहमीप्रमाणे अंगठी, घड्याळ, काय असेल ते धातूचं काढून ठेवायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने सगळं काढलं आणि हात पालथा करून प्लेटवर ठेवला. पडद्यावर चित्र उमटलं तर बोटांची हाडं जागच्या जागी, मनगटाशी बारीकशी चीर, आणि तळव्याच्या मधोमध एक पांढराशुभ्र, गोल, ठणठणीत पैसा. ती बाहेर आली. "हातात काय आहे?" "काही नाही की," म्हातारा म्हणाला, बोटं पसरून हात उलटा केला, आणि मग त्याचाच चेहरा पडला. "अरेच्चा. राहिलंच." नाणं पालथ्या हाताखाली नुसतं तळव्याच्या स्नायूने धरलेलं होतं, बोटं ताठ मोकळी, आणि ज्याचा हात त्यालाच पत्ता नव्हता. आयुष्यभर त्याने रंगमंचावर जादूचे प्रयोग केले होते. आता प्रयोग नव्हते, पण हात ऐकत नव्हता, सकाळी उठला की नाणं उचलायचा. तिला इतकं हसू आलं की पुढच्या रोग्याला थांबावं लागलं. आणि घरी जाताना, रस्त्याच्या कडेने चालता चालता, हसू ओसरल्यावर जे मागे उरलं त्याचं नाव तिला हेवा असंच घ्यावं लागलं. इतकं आत काहीतरी दडवता येतं की आपल्यालाही विसर पडावा. तिच्या घरी हे जमण्यासारखं नव्हतं.

ते म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना मास्तर म्हणत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहत. खालून वाफेचा आणि कडक इस्त्रीचा वास सारखा वर यायचा. मनगटाचं प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी तिला शिकवायचं कबूल केलं, तेही कुरकुरत. "हात काय, हात माकडालाही असतात," हे त्यांचं पहिलं वाक्य. शिकायचं ते मोजकंच होतं. एक पकड: नाणं तळव्यात अंगठ्याच्या गादीने आणि करंगळीखालच्या मांसाने धरायचं आणि बोटं अशी ठेवायची की त्या हाताने शर्टाची गुंडी लावता यावी. आणि एक हूल: नाणं या हातातून त्या हातात ठेवल्यासारखं करायचं आणि ठेवायचं नाही. मास्तर हूल देत तेव्हा तिला डाव्या मुठीत नाणं जाताना दिसे, शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट दिसे. मूठ रिकामी निघाली की तिला दर वेळी लहान मुलासारखा धक्का बसे. तिला मनगटाच्या आठही हाडांची नावं झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती, पण तळव्यात नाणं अर्धा मिनिट धरवेना. दिवसभर हात धुऊन धुऊन तळव्यांची कातडी कागदासारखी झालेली, कोरड्या हातातून नाणं निसटायचं, फरशीवर पडून कपाटाखाली घरंगळायचं, आणि ती कोपरावर ओणवी होऊन झाडूच्या दांड्याने ते बाहेर ओढायची. मास्तरांनी ग्लिसरीन लावायला सांगितलं. ते लावलं तर एक्स-रेच्या बटणांवर ठसे उठू लागले. अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा पडला. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात, शिशाच्या काचेमागे उभी राहून ती हूल घोटायची. हळूहळू, अगदी अंगावर येईल इतकं हळूहळू, ती जमू लागली. आरशात नाणं नाहीसं व्हायला लागलं. एके दिवशी मास्तरांनी तिच्या दोन्ही मुठी उलटसुलट करून पाहिल्या आणि मान हलवली. "हाताला आता नावं ठेवायला जागा नाही. पण बाई, नाणं कुठे आहे ते मला कळतंय."

"कसं?"

"तेच तर समजत नाही. मी हात बघतो, जन्माची खोड आहे. हात चोख आहेत. पण तुम्ही सांगताय कुठून तरी. आणि ह्या खेळाला तुम्ही मुक्या का बसता? पहिल्या दिवसापासून सांगतोय, बोलत राहा. काहीही बोला. हवापाण्याचं बोला."

तिला बोलता यायचं नाही. बोलायला लागली की हात चुकायचे आणि हात सांभाळायला गेली की जीभ टाळ्याला चिकटायची. त्या दिवशी लाँड्रीचा जिना उतरताना तिला रडू कोसळेल असं वाटलं. वर्षभर जी भिंत ती एकेक वीट रचून बांधत होती, तिला भलत्याच बाजूला दार उघडं होतं आणि ते तिलाच दिसत नव्हतं. सगळ्यांना दिसतं. नवऱ्याला दिसतं, तेही न बघता.

त्याला तिचं सगळंच कळायचं, ही घरातली जुनी कौतुकाची गोष्ट. मुलीच्या वेळेला दिवस गेले तेही तिने तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला होता. दुकानात ती एका साडीपाशी थांबली की दुसरीकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "तुला ती आवडलीये." आणि ती आवडलेलीच असायची, किंवा त्याने म्हटल्यावर आवडायची, यातलं खरं कुठलं ते तिने कधी तपासलं नाही. एकदा मात्र तिने अंग मोडून आल्याचं सांगून कामावरून अर्धी रजा काढली होती आणि सरळ सिनेमाला जाऊन बसली होती. एकटी. कुणाला भेटायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. अंधारात एका खुर्चीत तीन तास कुणाचीही कुणी नसल्यासारखं बसायचं होतं, बस. संध्याकाळी ती वेळेवर घरी आली, चहा टाकला, आणि तो मागून म्हणाला, "मग? कसा होता सिनेमा?" तो हसत होता. रागावण्याचा प्रश्नच नव्हता, त्याने पुढे एक अक्षर विचारलं नाही. पण ते तीन तास तिच्याकडून गेले. कुणीतरी फिल्म उजेडाकडे धरून बघावी तसं त्याने तिला धरलं होतं आणि पाहून खाली ठेवलं होतं. त्यानंतर ती पुन्हा एकटी सिनेमाला गेली नाही.

आणि ते शिकवण्याच्या नोकरीचं. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली असतील. दुसऱ्या शहरात एक्स-रेचे तंत्रज्ञ तयार करणारी संस्था निघाली होती आणि तिथल्या बाईंनी तिला स्वतः फोन करून बोलावलं होतं, मुख्य शिक्षिका म्हणून. मुलगी तेव्हा शाळेत, सासूबाईंचं दुखणं चाललेलं. तिने दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये, अंघोळीच्या वेळी, रोग्याचा खांदा प्लेटला टेकवताना ती मनातल्या मनात वर्गापुढे उभी राहायची आणि फळ्यावर छातीची फिल्म कशी वाचायची ते समजावून सांगायची. मग एका संध्याकाळी तो गॅलरीत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "काहीतरी आलंय ना? नोकरीचं?" तिने सांगितलं. तो अगदी मायेने म्हणाला, "तुला मनातून जायचं नाहीये. मी ओळखतो तुला. उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." आणि तिला एकदम हलकं वाटलं होतं. खरंच की, तिला वाटलं होतं, मला जायचंच नाहीये, आणि मला ते माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला. पुढे कुणी विषय काढला की ती म्हणायची, "मलाच जायचं नव्हतं." फळ्यापुढची ती बाई मात्र लगेच गेली नाही, बसमध्ये कधीमधी येऊन उभी राहायची. मग तीही यायची बंद झाली.

मग एका गुरुवारी छातीच्या फिल्मसाठी एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. खोकला बरा होत नव्हता. त्यांना प्लेटकडे तोंड करून उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि ती काचेमागे जाऊन माईकमध्ये नेहमीचं बोलली, "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा. ... सोडा." कपडे करून बाहेर येताना त्या बाई थांबल्या. "एक विचारू? तुम्ही का श्वास धरता?" "मी?" "तुमचा माईक चालू असतो ना. मला 'धरून ठेवा' म्हणालात आणि तुमचाही थांबला, कच्चकन. मला वाटलं यंत्रच बंद पडलं. मग माझ्याबरोबर सोडलात." त्या हसल्या. "आमच्या शिकवणीत असं केलं असतंत तर मी तुम्हाला उभं केलं असतं."

त्यानंतर आलेल्या प्रत्येक रोग्याबरोबर तिने स्वतःला चोरून ऐकलं. धरा, आणि ती धरत होती. छाती असो, पोट असो, नुसता पायाचा अंगठा असो, जिथे श्वासाचा काही संबंध नव्हता तिथेही बटण दाबताना तिच्या आत एक झडप बंद व्हायची. लग्नाच्या आधीपासून रोज. दुपारच्या मोकळ्या वेळात ती कपडे बदलायच्या खोलीत गेली, दार लावलं आणि आरशासमोर नाणं काढलं. या खेपेला हातांकडे पाहिलंच नाही. नाणं खरंच डाव्यात ठेवलं: श्वास आपला चालू. हूल दिली: कच्चकन बंद. मूठ मिटल्यावर नाकातून सुटलेली हवा तिला स्पष्ट ऐकू आली. इतकी स्पष्ट की पुढच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू यावी. तिला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला की तिने ते नाणं भिंतीवर फेकून मारलं. वर्षभर! ग्लिसरीन, घट्टे, कपाटाखालची धूळ, आणि हे सगळं चुकीच्या जागी. भाता इथे वाजत होता आणि ती बोटं घासत बसली होती.

श्वास सोडायला शिकणं बोटांपेक्षा कठीण निघालं. लक्ष दिलं की तो जास्तच अडायचा. चार दिवस तिने नाण्याला हातच लावला नाही, नुसती चालताना, भाजी चिरताना, लिफ्टमध्ये स्वतःच्या नाकावर पाळत ठेवून राहिली आणि सगळ्यांवर खेकसत राहिली. मग मास्तरांचं म्हणणं आठवलं. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही. तिने हूल देताना बोलायला सुरुवात केली, आधी आकडे, मग हाडांची नावं, मग वाट्टेल ते. हात पुन्हा चुकायला लागले, पहिल्या महिन्यासारखे, आणि तिने दात ओठ खाऊन पुन्हा पहिल्यापासून घोटलं. मास्तरांसमोर ती बोलत बोलत हूल देऊन थांबली तेव्हा त्यांनी डाव्या मुठीवर बोट ठेवलं. मूठ रिकामी. त्यांनी खिडकीतून खाली वाकून लाँड्रीवाल्याला दोन चहा सांगितले.

रविवारी दुपारी तो गाड्यांचे फोटो बघत बसला होता, यावेळी एक पांढरी, मागून चेपलेली. ती समोर बसली. "एकदा बघ," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला. तिने नाणं उजव्या हातात घेतलं आणि मुलीचा फोन आला होता, तिला खोली बदलून हवी आहे, असं सांगता सांगता ते डाव्यात ठेवलं, म्हणजे ठेवलं नाही. "कुठल्या हातात?"

"डाव्यात."

तिने डावी मूठ उघडली.

तो पडद्यावरून मान वर करून बघू लागला. आधी मुठीकडे, मग तिच्याकडे. "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. आता नाणं खरोखर डाव्यात ठेवलं आणि ठेवताना मुद्दाम श्वास रोखला. "उजव्यात," तो चटकन म्हणाला. तिने उजवी उघडली, ती रिकामी होती, मग डावी उघडून त्याच्यापुढे नाणं धरलं. तिला वाटलं होतं आपण नाचू. तसं काही झालं नाही. त्याचा चेहरा एकदम पोरका दिसायला लागला होता.

"हे तू मुद्दाम केलंस," तो म्हणाला. "श्वास धरलास मुद्दाम."

"म्हणजे तुला श्वासावरून कळायचं."

तो ओशाळून हसला. "आणखी कशावरून? काही दडवायला लागलीस की तुझा अडतो. पहिल्यापासून. फोनवरसुद्धा ऐकू येतो."

"आणि काय दडवतेय ते?"

"ते कुठून कळणार? अंदाज मारायचा. गाडीचं करतो तसंच. पोचा बघायचा आणि बोलायला सुरुवात करायची, पुढचं समोरचा माणूस आपण होऊनच सांगतो." त्याला हे सांगताना जरा बरंच वाटत होतं, इतक्या वर्षांचं गुपित एकदाचं फुटल्यासारखं. "तो सिनेमा आठवतो? तुला उजेड सहन होत नव्हता आणि बाहेर पाऊस असून बुटांना चिखल नव्हता, म्हणजे कुठेतरी आत बसली होतीस. सिनेमा नाहीतर मैत्रिणीचं घर. एक बोललो. चुकलं असतं तर चेष्टेवारी नेलं असतं."

तीही हसली. हसू ओठांवर होतं तोवरच बाकीचं सगळं तिच्या मनात एकापाठोपाठ यायला लागलं. साड्या, बेत, तिच्या तोंडातून काढून घेतलेली वाक्यं, आणि मग गॅलरी. ती गॅलरीत जाऊन थांबली.

"आणि ते शिकवायचं? मला मनातून जायचं नाही म्हणालास, ते?"

लॅपटॉपवर पांढऱ्या गाडीचा फोटो विझला, पडदा काळा झाला, तरी त्याने हात हलवला नाही.

"तोही अंदाजच?"

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा अंदाजसुद्धा केला नव्हता. तू गेलेलं मलाच नको होतं."

तिला राग आला. नाणं भिंतीवर मारलं होतं तसा नाही, हा सावकाश आला आणि येऊन बसला. हा माणूस आपल्याला आरपार बघतो म्हणून ती त्याच्यावर रुसत आली होती, घुसमटत आली होती, आणि तो बघतच नव्हता. तिने स्वतःचं मन त्याच्याकडून विचारून घेतलं होतं, आणि त्याने स्वतःचं काढून दिलं होतं. इतकी वर्षं ते तिने आपलं म्हणून वागवलं होतं, लोकांना दाखवलंही होतं.

"मला जायचं होतं," ती म्हणाली. वाक्य बाहेर पडल्यावर तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, बरोबर आहे का ते बघायला. "मला खूप जायचं होतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं कुठे? तू सांगितलंस."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे घेताना भोंगा वाजत राहिला. मग त्याने लॅपटॉप मिटला, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला तिथलं काही वाचता येत नाहीये हे तिला दिसलं.

"मग आता?" त्याने विचारलं. "आता काय वाटतं तुला?"

त्याच्या तोंडातून उत्तर येईल म्हणून ती सवयीने क्षणभर थांबली. तो वाट बघत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला बघू दे."